चारी बाजूंना मका, आणि धड टॉर्टिया कुठे? एम्समधल्या मेक्सिकन जेवणाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनमध्ये दोन वर्षं नोकरी केली, टॅकोची (दुमडलेल्या टॉर्टियात भरलेल्या मांस-भाजीची) चटक लागली, आता ऑगस्टपासून पीएचडीसाठी आयोवातल्या एम्सला येतोय. बायको पूर्ण शाकाहारी आहे. मी चिकन, मटण, पोर्क खातो, पण गोमांस नाही. एवढ्याशा कॉलेजगावात बरं मेक्सिकन मिळेल का, की चेनचे बरितो खाऊन दिवस काढायचे?

मिळेल. पण एम्सच्या हद्दीत शोधाल तर थोडं मिळेल, आणि कॅम्पसच्या दारात शोधाल तर जवळजवळ नाहीच. का ते सांगते. कारण एकदा कळलं की पुढे तुम्ही कुठल्याही गावात गेलात तरी मला विचारावं लागणार नाही.

आधी मी कोण ते. 2001 साली जळगावहून इथे फूड सायन्स शिकायला आले आणि इथलीच झाले. माझं काम मक्याचं. टॉर्टिया (मेक्सिकोची पातळ भाकरी, बहुधा मक्याची) आणि चिप्स बनवणाऱ्यांकडे जो मका जातो त्याचे नमुने शिजवून बघायचे: साल किती सुटते, दाणा किती पाणी पितो, पीठ हाताला किती चिकटतं. म्हणजे पोटासाठी मी टॉर्टियाच बघते आणि पोटासाठी टॉर्टियाच खाते. (जळगावात मात्र अजून घोळ होतो. ‘ती एम्सला असते’ असं कुणी तरी सांगितल्यावर एका मावशींनी मला दिल्लीतली समजून गुडघ्याचा एक्स-रे पाठवला होता.)

आता गंमत बघा. आयोवात दरवर्षी सुमारे 1.3 कोटी एकरांवर मका उभा असतो. ऑगस्टमध्ये तुम्ही याल तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला असेल. तो बघून वाटतं, इथे टॉर्टियाला काय तोटा! पण तो मका माणसाच्या खाण्याचा नसतोच. तो पिवळा डेंट मका. त्यातला निम्म्याहून अधिक इथेनॉलच्या कारखान्यात जातो, बाकीचा बराचसा डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या पोटात. टॉर्टियाला लागतो कडक, एकसारख्या दाण्याचा, बहुधा पांढरा मका, आणि तो मोजके शेतकरी करार करून पिकवतात. समुद्रात राहून तहानलेलं असावं तशी आमची गत आहे.

म्हणून मक्याच्या मागे जायचं नाही. माणसांच्या मागे जायचं.

कॅम्पसजवळच्या दुकानाचं गणित सोपं आहे. भाडं जबर, गिऱ्हाईक अठरा ते बावीस वर्षांचं, त्याला रात्री अकराला पोटभर आणि स्वस्त हवं, आणि मे महिन्यात ते घरी निघून जाणार. या गणितातून बरितोच निघतो: गव्हाची मोठी टॉर्टिया, भात, राजमा, मांस, चीज, गुंडाळलं आणि दिलं. चिपोटले या बरितोच्या चेनचं पहिलं दुकान 1993 साली डेन्व्हर विद्यापीठाच्या शेजारीच निघालं, हा योगायोग नव्हे. कल्पना सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातल्या बरितोची, पण ती वाढली विद्यार्थ्यांच्या भुकेवर. मी त्याला नावं ठेवत नाही. परीक्षेच्या आठवड्यात मीही खाल्लाय. फक्त तिथे टॉर्टिया म्हणजे पुडकं बांधायचा कागद असतो आणि मी त्या कागदासाठीच जीव टाकणारी.

दुसरा प्रकार तुम्हाला साउथ डफ अव्हेन्यूच्या बाजूला किंवा हायवेच्या तोंडाशी दिसेल. रंगीत खुर्च्या, बसल्याबसल्या फुकट चिप्स आणि पातळ लाल साल्सा, आणि मेन्यूवर नंबर: चार नंबर म्हणजे एक एन्चिलादा, एक टॅको, भात आणि बीन्स. दुपारच्या जेवणात ‘स्पीडी गोन्झालेस’ नावाची थाळी हमखास. या पद्धतीची कितीतरी हॉटेलं हालिस्को राज्यातून आलेल्या कुटुंबांची आहेत. एकाने काढलं, पुतण्या शिकला, त्याने पुढच्या गावात काढलं. आपल्याकडे उडप्यांची हॉटेलं पसरली ती याच रीतीने. खाण्यातले जाणकार या हॉटेलांना नाक मुरडतात. मला ते पटत नाही. तिथलं पिवळं चीज अमेरिकन गिऱ्हाइकासाठी असतं, पण आतला स्वयंपाकी स्वतः ते खात नसतो. दुपारी तीनला, गर्दी ओसरल्यावर जा आणि विचारा, “के आय दे गिसादो ओय?” म्हणजे आज रस्सा कसला केलाय? गिसादो हा मेन्यूवर नसतो, नोकरांसाठी केलेला असतो. टोमॅटिओच्या (टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या आंबट हिरव्या फळाच्या) हिरव्या रश्शात पोर्क, किंवा बटाटा आणि चोरिसो, म्हणजे मसालेदार सॉसेज. दहातल्या चार वेळा हसून ‘नाही’ म्हणतात. उरलेल्या सहा वेळा तुम्ही त्या हॉटेलात कायमचे ओळखीचे होता.

आणि आता तिसरा प्रकार, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

एम्सहून हायवे 30 धरून पूर्वेला साधारण 40 मैल, पाऊण तासावर मार्शलटाउन आहे. लोकवस्ती सत्तावीस-अठ्ठावीस हजार. तिथे पोर्कचा मोठा कारखाना आहे आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या कारखान्यात कामाला मेक्सिकोतून माणसं आली. त्यांतली खूपशी एकाच गावची, मिचोआकान राज्यातल्या वियाचुआतोची. एकाने काम लावलं की भाऊ, मेहुणा, शेजारी. आपल्याकडे एखाद्या तालुक्यातली माणसं मुंबईतल्या एकाच गिरणीत असायची, तसं. आज त्या गावात जवळपास तीनातला एक माणूस लॅटिनो आहे. एम्स कॉलेजगाव आहे म्हणून तिथे मेक्सिकन दुकानं आहेत आणि मार्शलटाउनमध्ये मेक्सिकन माणसं आहेत म्हणून दुकानं आहेत. ताटात हा फरक लगेच कळतो.

आता हेही लक्षात घ्या की ज्या गावाचं जेवण तुम्हाला मिळणार ते मिचोआकानचं. ह्यूस्टनचं नाही. ह्यूस्टनच्या नॅव्हिगेशन बुलेवार्डवर 1973 पासून लोक ज्या भाजलेल्या मांसासाठी आणि गव्हाच्या मऊ टॉर्टियांसाठी रांगा लावतात, ते टेक्सासचं आणि उत्तर मेक्सिकोचं खाणं. इकडे सकाळचे अंड्याचे टॅको शोधू नका, वितळलेल्या चीजची वाटी मागू नका. मागायचं ते कार्नितास.

कार्नितास म्हणजे पोर्क त्याच्याच चरबीत, मोठ्या कढईत, मंद आचेवर दोन-तीन तास शिजवलेलं. मिचोआकानची ही खासियत, आणि आयोवात माणसांच्या सात पट डुकरं आहेत, तेव्हा मालाची ददात नाही. पण ते शनिवारी-रविवारीच मिळतं. कढई सकाळी चढते, अकरापर्यंत तयार होतं, रविवारी चर्चमधून माणसं सुटली की दीड-दोनपर्यंत संपतं. चार वाजता जाऊन ‘इथे काही चांगलं मिळत नाही’ म्हणणारे एम्समध्ये पुष्कळ भेटतील.

मी तिथे पहिल्यांदा गेले ते 2003 मध्ये. आमच्या प्रयोगशाळेत रात्री सफाईला एक बाई यायच्या, सगळे त्यांना दोन्या म्हणायचे. (मोठ्या बाईला मानाने मारायची स्पॅनिश हाक; गोव्यात जुन्या घरांत ‘दोना’ म्हणतात, तोच शब्द पोर्तुगीजांकडून आलेला.) मी शिजवलेला मका चाळणीत धूत होते. त्यांनी दाणा उचलला, दोन बोटांत चोळला, साल सुटली तशी मान हलवली आणि म्हणाल्या, चुना कमी पडलाय. माझ्या यंत्राने तेच सांगायला वीस मिनिटं घेतली. त्या आठवड्यात त्यांनी मला एका कागदावर दुकानाचा पत्ता लिहून दिला आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘दोमिंगो’. रविवार.

दुकान बाहेरून किराण्याचं. काचेवर फोनकार्डांच्या आणि गावी पैसे पाठवायच्या जाहिराती. आत शिरल्यावर वर टांगलेले पिन्याता (वाढदिवसाला फोडायची, खाऊ भरलेली कागदी खेळणी), डावीकडे पाव-बिस्किटांची कपाटं. ताट आणि चिमटा आपणच उचलायचा आणि हवे ते पाव ताटात घ्यायचे. मग वाळल्या मिरच्यांचे खोके. मग अगदी शेवटी, मांसाच्या काउंटरला लागून सहा टेबलं आणि एका भिंतीवर फुटबॉलची मॅच. ओंडक्याच्या जाड फळीवर एक माणूस सुऱ्याने मांस तोडत होता. त्याने मला विचारलं, मासिसा की सुर्तिदा? मी गोंधळले. मासिसा म्हणजे नुसतं मांस. सुर्तिदा म्हणजे सगळं मिळून: मांस, कातडी, बरगडीचा तुकडा. शेजारच्या आजोबांनी माझ्या वतीने उत्तर दिलं, “सुर्तिदा.” अर्धा पाउंड कागदात, सोबत फडक्यात गुंडाळलेल्या टॉर्टिया, कांदा-कोथिंबीर, लिंबाच्या फोडी, मुळ्याच्या चकत्या, व्हिनेगरमधल्या मिरच्या. मी जळगावची. मुळा, लिंबू, मिरची आणि फडक्यातली गरम भाकरी बघून मला परदेशात आहोत हेच विसरायला झालं.

दुकानाचं नाव देत नाही, कारण ती बंद होतात, विकली जातात, नाव तेच आणि हात बदलतो. 2018 च्या जुलैत मार्शलटाउनच्या भर वस्तीतून टोर्नेडो गेला, 2020 च्या ऑगस्टमध्ये वादळाने पुन्हा छपरं उडवली. त्याच्याही आधी, 12 डिसेंबर 2006 ला, नेमकं ग्वादालूपेच्या माउलीच्या सणाच्या दिवशी, कारखान्यावर इमिग्रेशनची धाड पडली. त्या शनिवारी मी गेले तर कढई चढलीच नव्हती. दुसऱ्या बाजूला, एम्सच्या नैर्ऋत्येला पेरी नावाचं आठ हजारांचं गाव आहे. तिथला टायसनचा पोर्कचा कारखाना जून 2024 मध्ये बंद झाला, सुमारे 1,300 माणसांचं काम गेलं. कारखाना हलला की कढईही हलते. म्हणून नावांपेक्षा खुणा शिका.

पहिली खूण टॉर्टिया, आणि तिथेच बहुतेक वेळा निकाल लागतो. टॅकोत टॉर्टिया हातात घ्या आणि आधी नुसता वास घ्या. चांगल्या टॉर्टियाला भिजलेल्या चुन्याचा वास येतो, नुकत्याच सफेदी दिलेल्या भिंतीवर पहिला पाऊस पडल्यावर येतो तसा, आणि मागून मक्याचा गोडवा. कारण टॉर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात. त्याला निश्तमाल म्हणतात. चुन्याने साल सुटते, पीठाला चिकटपणा येतो, आणि मक्यातलं नायासिन हे ब-जीवनसत्त्व अंगी लागायला लागतं. युरोपने मका नेला पण चुना नेला नाही, आणि इटलीपासून पुढे नुसत्या मक्यावर जगणारे गरीब पेलाग्राने, म्हणजे नायासिनच्या अभावाच्या रोगाने, आजारी पडले. पानवाला आपल्या पानाला लावतो तोच हा चुना. आपण मका चुन्याशिवाय खातो, चुना मक्याशिवाय खातो.

वासानंतर घडी. टॉर्टिया दुमडली आणि कडेला चिरली तर ती शिळी किंवा नीट न तापवलेली. दोन्ही बाजूंना तपकिरी ठिपके हवेत. पापुद्रा सुटलेला असला तर हाताने थापलेली किंवा तिथेच दाबलेली, आणि मग बाकी काहीही असो, त्या दुकानात परत जायचं.

दुसऱ्या खुणा झटपट सांगते. साल्सा दोन तरी हव्यात, आणि घरच्या. त्यातली एक फिकट हिरवी, दाट, अॅव्होकाडोसारखी दिसेल. त्यात बहुधा अॅव्होकाडो नसतो, हिरव्या मिरच्या तेलात घुसळलेल्या असतात. मी मोठा चमचाभर घेऊन फसले आहे, आणि मी खान्देशी आहे. मांसाच्या यादीत जीभ, गाल, आतडं असलं तर ते दुकान अमेरिकन गिऱ्हाइकावर चालत नाही. तुम्ही ते खाणार नसलात तरी यादीत बघायचं. बाहेर कामाच्या बुटांनी चिखल झालेले पिकअप ट्रक हवेत. इंटरनेटवरच्या ताऱ्यांकडे मी बघत नाही. एम्समध्ये तारे देणारा बहुधा वीस वर्षांचा असतो, आणि त्याला चीज कमी मिळालेलं असतं.

आता तुमचं गोमांसाचं. इथे नीट लक्ष द्या, कारण टॅकोत न विचारता जे येतं ते बहुधा गोमांसच. ‘रेस’ म्हणजे गोमांस. ‘कार्ने आसादा’ गोमांस, ‘सुआदेरो’, ‘लेंग्वा’, ‘काबेसा’, ‘त्रिपा’ सगळं गोमांस. ‘बार्बाकोआ’ मध्य मेक्सिकोत मेंढीचं असतं पण इकडे बहुतेक ठिकाणी गाईच्या गालाचं. ‘बिर्रिया’ हालिस्कोत बोकडाची. पण चीज घालून रश्शात बुडवायचा जो टॅको सध्या सगळीकडे दिसतो त्यातली बिर्रिया गोमांसाची असते. ‘दे चिव्हो’ म्हटलेलं असेल तरच बोकड. रविवारचा ‘मेनुदो’ म्हणजे गाईच्या वजडीचा रस्सा. तुमच्यासाठी उरतं ते कमी नाही: कार्नितास, अल पास्तोर, चोरिसो (पोर्कचा, लाल मिरची आणि व्हिनेगरचा, गोव्याच्या चोरीसाचा ओला चुलतभाऊ), तिंगा म्हणजे चिपोटले मिरचीतलं चिकन, आणि पोसोले, म्हणजे निश्तमालच्या अख्ख्या दाण्यांचा रस्सा, पोर्कचा किंवा चिकनचा. अल पास्तोरला मात्र उभा फिरणारा सोट असेल तरच जा. लेबनॉनहून आलेल्यांनी शावर्माची पद्धत मेक्सिकोत नेली, तिथे तिला मिरची आणि अननस भेटला. सोट नसला तर ते तव्यावर परतलेलं मसाल्याचं पोर्क. वाईट नसतं, पण वेगळं असतं.

बायकोचं अवघड आहे, आणि इथे मी तुम्हाला माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगणार आहे. 2008 मध्ये आई आली होती. आई अंडंही खात नाही. एका हॉटेलात (एम्समधलं नाही, आणि आता ते नाहीही) तिला मी भात आणि घोटलेले बीन्स दिले. आई दोन वाट्या जेवली. “किती मऊ शिजवलीय उसळ, आणि ही चव कशाची गं?” ही चव कशाची ते मला नंतर स्वयंपाकघरात कळलं. मान्तेका. डुकराची चरबी. आणि भात शिजला होता कोंबडीच्या पाण्यात. आई हे वाचत नाही म्हणून लिहितेय. तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

तेव्हा ‘सिन कार्ने’, मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. कितीतरी जणांच्या लेखी कार्ने म्हणजे लाल मांस, चिकन त्यात येत नाही, चरबी तर नाहीच. तीन प्रश्न वेगळे विचारायचे. बीन्सला: “येवान मान्तेका?” भाताला: “येवा काल्दो दे पोयो?” आणि गव्हाच्या टॉर्टियाला पुन्हा मान्तेकाचाच. मक्याच्या टॉर्टियात चरबी नसते, मका, पाणी आणि चुना बस. तमालेसच्या (पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या वड्यांच्या) पिठात मात्र जवळजवळ नेहमी असते, आत नुसतं चीज आणि मिरची असली तरी. अपवाद मिचोआकानचे उचेपोस, कोवळ्या मक्याचे गोडसर तमाल, ज्यात बहुधा लोणी आणि दूध घालतात. तरी विचाराच.

मग खायचं काय? ‘राहास’ म्हणजे भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, सायीत. जळगावच्या भरिताची मिरची आठवेल. ‘नोपालेस’ म्हणजे आपल्या फड्या निवडुंगाची कोवळी पानं, काटे काढून चिरलेली. भेंडीसारखी बुळबुळीत, आंबट, टॅकोत अफलातून. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे चीज भरून दुमडून भाजलेली टॉर्टिया. आणि डब्यात का होईना, ‘वित्लाकोचे’ मिळालं तर सोडू नका. ती मक्यावरची काणी. आमच्या इथल्या शेतकऱ्याला ती कणसावर दिसली की तो शिव्या घालतो, आम्ही तिचं नाव रोगांच्या यादीत लिहितो, आणि मेक्सिकोत तिला बाजारात मक्याहून जास्त भाव मिळतो. मातकट, अळंबीसारखी, थोडी गोड चव. ‘चिले रेयेनो’ला, म्हणजे भरलेल्या मिरचीला, अंड्याचं आवरण असतं, तेवढं बायकोला आधी सांगा.

एक गुपित मात्र खास तुमच्या घरासाठी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ येतो, क्वारेस्मा. त्यातल्या शुक्रवारी कॅथलिक घरांत मांस वर्ज्य. आपल्याकडे श्रावणात खानावळीचा फळा बदलतो, तसा या शुक्रवारी तिएंदाचा, म्हणजे वर सांगितलं तसल्या मेक्सिकन किराणा दुकानाचा, फळा बदलतो: बटाट्याच्या टिक्क्या, नोपालेस, चीजच्या मिरच्या, पावाची गुळचट कापिरोतादा. कोळंबी आणि अंडं असतं, आणि कोंबडीच्या पाण्याचा प्रश्न विचारावा लागतोच, पण शाकाहारी माणसाला वर्षातून इतके पर्याय एका फळ्यावर मी दुसऱ्या कुठल्या दिवशी पाहिले नाहीत.

गाडी नसेल तर? एम्सची सायराइड बस विद्यार्थ्यांना चालते, पण ती मार्शलटाउनला जात नाही. पहिलं वर्ष लोकांना धरा. पेट्रोल तुमचं, गाडी त्यांची. जानेवारीत मात्र हट्ट नको. हायवे 30 वर वारा सुटला की शेतातला बर्फ आडवा रस्त्यावर येतो आणि समोरचं काही दिसत नाही. दक्षिणेला 35 मैलांवर डि मॉईन आहे. तिथल्या पूर्व भागात आणि साउथईस्ट 14 व्या रस्त्यावर टॅकोचे ट्रक आणि मोठी किराणा दुकानं आहेत, आणि इंटरस्टेट असल्यामुळे रस्ता लवकर साफ होतो. तिथून ताज्या टॉर्टियांची चळत आणा. पुडक्यावर घटक वाचा: मका, पाणी, चुना. यादी याहून लांबली की पुडकं परत ठेवा.

आणि घरी करा. तुम्ही भाकरी बघत मोठे झालात, तुम्हाला हे अमेरिकन माणसाहून लवकर जमेल. ‘मासा हारिना’ म्हणजे निश्तमालचं कोरडं पीठ, ते एम्सच्या साध्या सुपरमार्केटातही मिळतं. दोन कप पीठ, दीड कप कोमट पाणी, चिमूट मीठ. मळून ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं ठेवायचं. गोळा दाबून कडा चिरल्या तर पाण्याचा हात लावायचा. तवा भाकरीसारखाच कडक तापलेला. पहिली बाजू अर्धा मिनिट, उलटून एक मिनिट, परत उलटून बोटांनी हलकं दाबायचं, की टम्म फुगते. आपलं मक्याचं पीठ यासाठी चालत नाही, त्याला चुना लागलेला नसतो.

हौस वाढली तर अख्खा मका आणून निश्तमाल घरीच करा: किलोभर मक्याला दहा ग्रॅम खायचा चुना, तिएंदात ‘काल’ नावाने मिळतो, आणि तीन लिटर पाणी. पाऊण तास मंद उकळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी धुऊन वाटायचं. वाटायला डोशाचा दगडी वेट ग्राइंडर उत्तम. माझ्या ओळखीचे दोघे मेक्सिकन तो इंडियन स्टोअरमधून घेऊन गेलेत. फक्त एक: शेताच्या कडेचा मका, किंवा कुणा शेतकऱ्याने प्रेमाने दिलेला गुलाबी रंगाचा मका शिजवू नका. तो बियाण्याचा असतो, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. दर एक-दोन वर्षांनी कुणी तरी नवीन विद्यार्थी मला हा प्रश्न विचारतो, आणि एकदा तर फोन आला तेव्हा पातेलं गॅसवर होतं.

दुसऱ्या कॉलेजगावात नंतर गेलात, पोस्टडॉकला वगैरे, तरी पद्धत हीच. नकाशावर कॅम्पसपासून तासाभराचं वर्तुळ काढा आणि त्यात हाताने करायचं काम कुठे आहे ते शोधा. आर्कान्सामधल्या फेएटव्हिलला शेजारचं स्प्रिंगडेल आहे, कोंबड्यांच्या कारखान्यांचं. जॉर्जियातल्या अॅथेन्सला गेन्सव्हिल, तेही कोंबड्यांचंच. डेव्हिसला वुडलंड. इलिनॉयच्या शँपेनला दक्षिणेला आर्कोला, जिथे झाडू बनवायच्या कामासाठी नुएव्हो लेओनमधल्या कादेरेइता गावची माणसं आली. विद्यापीठाच्या वेबसाइटवर यातलं एकही नाव ‘खाण्याच्या जागा’ म्हणून सापडणार नाही.

ह्यूस्टन सोडण्यापूर्वी दोन गोष्टी घ्या. एक टॉर्टियाचा प्रेस, बीडाचा जड घ्या, हलक्याची दांडी तिसऱ्या महिन्यात तुटते. दुसरं म्हणजे वाळल्या मिरच्या: ग्वाहियो, आन्चो, आर्बोल, अर्धा-अर्धा पाउंड, तिकडे ताज्या आणि स्वस्त मिळतात. आन्चो हाताला मनुकेसारखी मऊ लागली पाहिजे. कडकडीत वाजली तर ती जुनी, ठेवून द्या. आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचलात तर सामान उघडायच्या आधी रस्त्याकडेच्या पिकअपमधून गोड मक्याची डझनभर कणसं घ्या. तो खायचाच मका असतो, तेवढाच. दाणे तव्यावर करपेपर्यंत परता, लिंबू, तिखट, थोडं मेयोनेझ, वर किसलेलं कोतिहा चीज. बायको अंडं खात नसेल तर मेयोनेझऐवजी साय.